खर्चाच्या रकान्यातले कलावंत

करमणुकीच्या व्यवसायात जे विकले जाते ते कोणाच्या तरी डोक्यातून आणि हातांतून उतरलेले असते, आणि तरीही त्या व्यवसायाला ओढगस्त लागली की कात्री सर्वांत आधी त्याच माणसांवर चालते, हा अनुभव वेगवेगळ्या देशांत आणि काळांत इतक्या वेळा आला आहे की त्याला योगायोग म्हणता येत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा अनुभव आणि त्यामागची कारणे हा आहे. त्यासाठी मुख्य उदाहरण म्हणून थीम पार्क चालवणारी अमेरिकेतील डिस्ने कंपनी घेतली असून, तिच्या शेजारी नाशिकची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी, पुण्याची प्रभात आणि बीड जिल्ह्याच्या यात्रांत राहुट्या ठोकणारे तमाशाचे फड ठेवले आहेत. थीम पार्क म्हणजे एखादी कथा, प्रदेश किंवा काळ धरून उभारलेले करमणुकीचे उद्यान. तेथील पाळणे, इमारती, संगीत, देखावे आणि सेवकांचे पोशाखसुद्धा एकाच कथेला बांधलेले असतात. जत्रेतला आकाशपाळणा कोणत्याही गावी सारखाच फिरतो, थीम पार्कमधला पाळणा मात्र त्या कथेत बसवलेला असतो. म्हणून अशा उद्यानाची खरी किंमत यंत्रात थोडी आणि कथा रचणाऱ्या माणसांत अधिक असते.

ताळेबंदाची नजर

या विषयात कलावंतांना भले आणि हिशेबनिसांना बुरे ठरवून मोकळे होण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण कलावंत डावलले जातात ते बहुधा कोणाच्या दुष्टपणामुळे डावलले जात नाहीत. हिशेब मांडण्याची जी रीत रूढ आहे तिच्यातच त्याचे बीज आहे. कोणत्याही कंपनीचा खर्च ढोबळमानाने दोन प्रकारचा असतो. इमारत, यंत्र यांवरचा भांडवली खर्च मालमत्ता म्हणून ताळेबंदात बसतो आणि घसाऱ्याच्या रूपाने, म्हणजे झीज धरून, अनेक वर्षांवर विभागला जातो. पगार, मजुरी, देखभाल यांवरचा महसुली खर्च मात्र त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतो. आराखडे काढणारा चित्रकार, मूर्ती घडवणारा शिल्पकार, यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा मिस्त्री यांच्या अंगी वीस-वीस वर्षांत मुरलेले कसब, आणि त्या कसबाच्या बळावर संस्थेने लोकांत कमावलेले नाव, यांना मालमत्ता म्हणून ताळेबंदात जागा नसते. ती माणसे कागदावर दिसतात ती फक्त पगारपत्रकात, म्हणजे खर्चाच्या रकान्यात. साहजिकच ज्याला मार्चअखेर नफा वाढवून दाखवायचा आहे त्याला ती माणसे कमी करणे हा सर्वांत सोपा मार्ग वाटतो, कारण बचत त्याच वर्षी दिसते आणि नुकसान दिसायला पाच-दहा वर्षे लागतात. तोवर बचत करणारा अधिकारी बहुधा बढती घेऊन दुसरीकडे गेलेला असतो.

या मांडणीचा उलट पुरावा डिस्नेच्याच इतिहासात आहे. मार्क डेव्हिस हा मूळचा व्यंगपट-चित्रकार पुढे उद्यानांची दृश्ये रेखाटू लागला. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९६७ साली खुल्या झालेल्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या होडीतून पाहण्याच्या देखाव्यात त्याने एक प्रसंग योजला: कोठडीत अडकलेले चाचे गजांतून हाड आणि दोर पुढे करून बाहेर बसलेल्या कुत्र्याला चुचकारीत आहेत आणि कोठडीच्या किल्ल्या त्या कुत्र्याच्या तोंडात आहेत. होडी त्या जागेवरून काही क्षणांत पुढे सरकते, तरी तेवढ्यात एक संपूर्ण गोष्ट प्रेक्षकाच्या ध्यानात येते. या देखाव्यावरून २००३ साली चित्रपट निघाला, त्याची मालिका झाली आणि तिने तिकीट खिडकीवर ४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली. मार्क डेव्हिस त्याआधी, २००० साली वारला होता. १९६७ च्या कोणत्याही हिशेबनिसाला त्याच्या रेखाटनाच्या पगारापुढे ही रक्कम मांडता आली नसती, आणि त्यात हिशेबनिसाचा दोषही नव्हता. पण म्हणूनच केवळ त्या वर्षीच्या वहीवरून अशा माणसाची गरज ठरवणे हे व्यवसायाच्याच मुळावर येते.

नाशिकचा पहिला धडा

मराठी मुलखाला हा झगडा परका नाही. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या दशकातच तो नाशिकमध्ये होऊन गेला. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ साली इंग्लंडला जाण्यापूर्वी आणि तेथून परतल्यावर पैसा उभा केला तो विम्याची पॉलिसी आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण टाकून. सावकाराला या नव्या कलेची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाण्याचे रोप लावले, ते वाढत असताना दिवसांमागून दिवस थोडे थोडे चित्रण केले आणि पडद्यावर ते रोप काही क्षणांत वाढताना दाखवले. पैसा आणि प्रतिभा यांची इतकी सरळ भेट फार थोड्या वेळा झाली असेल: एका बाजूला धनको आणि दुसऱ्या बाजूला डोळ्यांदेखत उगवणारा वेल. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला, १९१७ मध्ये ‘लंकादहन’ने मोठे यश मिळवले, आणि त्या यशामुळे भांडवलदार पुढे आले.

१९१८ च्या आरंभी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केलेला ‘कालियामर्दन’ हे चित्रपट कंपनीने काढले व ते गाजले, म्हणजे कंपनीचे पाऊल यशाचेच होते. तरीही पैसा घालणारे भागीदार आणि फाळके यांचे खर्चावरून आणि कारभारावरून बिनसत गेले. भागीदारांना निर्मितीचा खर्च आटोक्यात आणि चित्रपट ठरल्या वेळी हवा होता. फाळके यांना मनासारखे दृश्य उतरेपर्यंत काम थांबवणे मान्य नव्हते. अखेर ज्याच्या नावावर कंपनी उभी होती तोच बाहेर पडला, काशीला जाऊन राहिला आणि तेथे त्याने ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. १९२२ साली कंपनीने त्यांना परत आणले, आणि त्यानंतरही त्यांनी अनेक चित्रपट काढले. परंतु आरंभीची घडी पुन्हा बसली नाही. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांनी सुरू केलेला व्यवसाय भरभराटीला आलेला होता, ते स्वतः मात्र त्या भरभराटीत नव्हते. भागीदार लबाड होते असे मानण्याची येथे गरज नाही. त्यांचा पैसा खरा होता आणि काळजीही खरी होती. उणीव होती ती अशा व्यवस्थेची, जिच्यात खर्चाचा निर्णय करताना दृश्य घडवणाऱ्याचे म्हणणे आणि व्याज भरणाऱ्याचे म्हणणे एकाच बैठकीत, सारख्या वजनाने ऐकले गेले असते.

डिस्ने: एकाच वर्षातली दोन उद्याने

वॉल्ट डिस्नेने १९५२ साली उद्यानाच्या आखणीसाठी स्वतंत्र संस्था काढली, तिला पुढे १९८६ मध्ये ‘वॉल्ट डिस्ने इमॅजिनिअरिंग’ हे नाव मिळाले. या विभागात चित्रकार, वास्तुकार, लेखक, शिल्पकार, ध्वनितज्ज्ञ आणि अभियंते एकत्र बसून उद्यान घडवतात. त्यांना ‘इमॅजिनिअर’ म्हणतात. १९८४ नंतर कंपनीची सूत्रे मायकेल आयस्नर आणि फ्रँक वेल्स या दोघांकडे होती. १९९२ मध्ये पॅरिसजवळ उघडलेल्या युरो डिस्नेवर हात सैल सोडून खर्च झाला, कर्जाचा डोंगर झाला आणि पहिल्याच वर्षांत ते उद्यान आर्थिक संकटात सापडले. १९९४ मध्ये वेल्स हेलिकॉप्टर अपघातात दगावले. या दोन धक्क्यांनंतर नव्या उद्यानांचा निर्णय आधी खर्चाची मर्यादा ठरवून मग कल्पना त्यात कोंबण्याच्या पद्धतीने होऊ लागला. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे हे समजण्यासारखे आहे, पण येथे ताक पिणेच बंद झाले.

त्याचे फळ २००१ साली जगासमोर आले आणि तेही असे की पुढच्या पिढ्यांना अभ्यासासाठी मुद्दाम मांडून ठेवावे. त्या वर्षी ८ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियात, डिस्नेलँडच्या जुन्या वाहनतळाच्या जागेवर, ‘कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर’ हे उद्यान उघडले. आणि ४ सप्टेंबरला जपानमध्ये ‘टोकियो डिस्नेसी’ उघडले. दोन्हींचे आराखडे इमॅजिनिअरिंगनेच केले होते. फरक हा होता की पहिल्याचा पैसा डिस्नेचा होता, तर दुसऱ्याचा सगळा पैसा, सुमारे ३३५ अब्ज येन, ‘ओरिएंटल लँड’ या जपानी कंपनीचा होता. ती डिस्नेला नाव व आराखड्याबद्दल स्वामित्वशुल्क देते आणि उद्यानाची मालकी स्वतःकडे ठेवते. कॅलिफोर्नियातील उद्यानात जत्रेत कुठेही मिळतील असे पाळणे आणि मोठमोठी दुकाने-उपाहारगृहे पुष्कळ, पण कथा घेऊन चालणारे देखावे मोजके अशी रचना झाली. प्रेक्षक अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी आले. टोकियोत कृत्रिम ज्वालामुखी, बंदरे आणि गलबते यांनी एक पुरे जग उभे राहिले आणि वर्षभराच्या आत एक कोटी माणसे ते पाहून गेली. आराखडे करणारा विभाग तोच होता. त्याला कितपत मोकळीक द्यायची याचा निर्णय मात्र दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी झाला होता. पुढे २००७ मध्ये डिस्नेने कॅलिफोर्नियातील उद्यान सुधारण्यासाठी सुमारे १.१ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली आणि ते काम २०१२ पर्यंत चालले. पॅरिसमध्ये २००२ साली मोजक्या खेळांवर उघडलेल्या दुसऱ्या उद्यानासाठीही २०१८ मध्ये २ अब्ज युरोची घोषणा करावी लागली. आधी वाचवलेले पैसे पुढे व्याजासकट मोजावे लागले, एवढाच याचा अर्थ.

कपातीची दुसरी किंमत माणसांच्या जिवाशी येते. सप्टेंबर २००३ मध्ये डिस्नेलँडच्या ‘बिग थंडर माउंटन’ या आगगाडीच्या खेळात गाडी रुळावरून घसरली व एका तरुणाचा मृत्यू झाला. राज्याच्या तपासात देखभालीतील चुका हे कारण निघाले. त्याआधीच्या काही वर्षांत देखभाल विभागाची फेररचना होऊन अनुभवी कामगार कमी झाल्याबद्दल तक्रारी होतच होत्या. एका अपघाताचे खापर सरसकट धोरणावर फोडणे योग्य होणार नाही, परंतु कारागीर हा केवळ सजावटीपुरता माणूस नसतो, यंत्राची नाडी ओळखणारा वैद्यही तोच असतो, एवढे यावरून निश्चित कळते.

त्याच वर्षाच्या अखेरीस वॉल्टचे पुतणे रॉय डिस्ने यांनी संचालकपद सोडून कंपनी आपला आत्मा गमावत असल्याची जाहीर तक्रार केली. मार्च २००४ च्या भागधारकांच्या सभेत सुमारे ४३ टक्के मतांनी आयस्नर यांच्या निवडीला पाठिंबा नाकारला आणि २००५ मध्ये ते पायउतार झाले. तरी प्रश्न संपला नाही. २०२३ मध्ये कंपनीने ७,००० नोकऱ्या कमी करण्याची आणि ५.५ अब्ज डॉलर वाचवण्याची योजना जाहीर केली. माणसे बदलली तरी ताळेबंदाची रीत तीच राहिली की तोच खेळ नव्याने सुरू होतो.

पैशाची न्याय्य बाजू

दुसरी बाजू न मांडता विषय पुरा होत नाही. करमणुकीच्या धंद्यात कर्जाचा हप्ता कोणासाठी थांबत नाही. खोपोलीजवळचे इमॅजिका हे थीम पार्क २०१३ साली मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकाराने सुरू झाले. भारतीय चित्रपट आणि पुराणकथा यांना धरून देखावे रचण्याचा तो धाडसी प्रयत्न होता. परंतु कर्जाचा भार पेलवेना आणि २०२२ मध्ये उद्यानाची सूत्रे संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. त्याच समूहाने शिर्डीत ‘साईतीर्थ’ हे भक्तीवर आधारलेले उद्यान चालवले आहे, आणि तेथे हनुमानाच्या लंकादहनावरचा खेळ दाखवला जातो. फाळके यांना १९१७ मध्ये साधलेला विषय शंभर वर्षांनंतरही माणसे खेचतो. अवाढव्य भांडवल लागणाऱ्या या व्यवसायात प्रेक्षकांचा अंदाज चुकला की व्याज सगळ्यांना खाऊन टाकते, म्हणून खर्चावर नजर ठेवणारा माणूस कलावंताचा वैरी मानता कामा नये.

नजर कोणी ठेवायची, हा मात्र कळीचा प्रश्न आहे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि पुढे पुण्यास गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे हातात कसब असलेले भागीदार होते आणि पाचवे, सीताराम कुलकर्णी, यांनी भांडवलाची बाजू सांभाळली. दामले ध्वनीचे आणि यंत्राचे जाणते, फत्तेलाल देखाव्यांचे; पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे वाचवायचा नाही हे त्यांना बाहेरच्या कोणी सांगावे लागत नसे, कारण लाकूड, रंग आणि पडदे यांचा हिशेब त्यांच्या हातांनाच ठाऊक होता. १९३६ चा ‘संत तुकाराम’ याच दोघांनी दिग्दर्शित केला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. प्रभात पुढे टिकली नाही हेही खरे: १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, १९४५ मध्ये दामले वारले आणि १९५३ मध्ये कंपनी बंद झाली. निर्मात्यांच्या हाती मालकी असली म्हणजे संस्था अमर होते असा दावा यावरून करता येत नाही. परंतु त्यांच्या हाती निर्णय असेपर्यंत काटकसर आणि गुणवत्ता एकमेकींच्या आड आल्या नाहीत, एवढा निष्कर्ष ठामपणे काढता येतो.

बीडच्या यात्रांतले फड

परळीची महाशिवरात्र, कपिलधारची कार्तिकातली यात्रा, बीडच्या कंकालेश्वराचा उत्सव आणि चैत्रात गावोगावी भरणाऱ्या यात्रा यांनी बीड जिल्ह्याला वर्षानुवर्षे फिरते करमणूकघर दिले. दसऱ्याला निघालेला तमाशाचा फड चैत्र-वैशाखापर्यंत गावे घेतो. गावकरी सुपारी देतात, म्हणजे ठरलेल्या तारखेचा खेळ आगाऊ रक्कम देऊन पक्का करतात. फडमालक हंगामाआधी कलावंतांना उचल देतो आणि ती देण्यासाठी स्वतः व्याजाने पैसे काढतो. उचलीचे हे गणित बीडच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही, कारण ऊसतोडीला जाणारी लाखो कुटुंबे मुकादमाच्या उचलीवरच घर सोडतात, आणि कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून मोजली जाऊन मजुरी टनावर ठरते. मोजणीत माणसाचे कसब आणि शरीराची झीज येतच नाही, ही गोष्ट मोठ्या कंपनीच्या पगारपत्रकाइतकीच उसाच्या फडातही खरी आहे.

तमाशाच्या खेळाचा क्रम गण, गवळण, बतावणी आणि वग असा आहे. वग म्हणजे रात्रीच्या उत्तरार्धात सादर होणारे कथानाट्य. त्याला कथा रचणारा लागतो, राजा-प्रधानाची भूमिका पेलणारे नट लागतात, आणि मुख्य म्हणजे समोरच्या गावातली ताजी घडामोड झेलून जागच्या जागी संवाद फिरवणारा सोंगाड्या लागतो. ही माणसे तयार व्हायला वर्षे लागतात आणि त्यांची उचलही मोठी असते. ओढाताण वाढली तेव्हा अनेक फडांत वग आखडला गेला आणि चित्रपटातल्या गाण्यांवरचे नाच वाढले. फडमालकाला त्यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल: प्रेक्षकांची मागणी तशी होती, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले होते, आणि डोक्यावर व्याज होते. पण परिणाम मात्र डिस्नेच्या उद्यानासारखाच झाला. चित्रपटातली गाणी प्रेक्षकाला मोबाइलवर फुकट मिळतात, वग कुठेच मिळत नाही. म्हणजे जे दुसरीकडे मिळत नव्हते तेच कमी केले गेले आणि जे कुठेही मिळते ते तिकीट लावून विकायची पाळी आली.

उपाय

या सर्व उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष असा की प्रतिभा हा खर्चाचा प्रकार नसून भांडवलाचा प्रकार आहे, आणि भांडवल जपण्याचे जे नियम असतात ते तिला लागू केले पाहिजेत. पहिला नियम निर्णयाचा: करमणुकीच्या कोणत्याही संस्थेत, मग ती अब्जावधींची कंपनी असो की वीस माणसांचा फड, कपात ठरवणाऱ्या बैठकीत घडवणाऱ्यांचा प्रतिनिधी असलाच पाहिजे आणि त्याचे मत नोंदले गेले पाहिजे. दुसरा नियम वारशाचा: निवृत्त होणाऱ्या प्रत्येक कारागिराच्या हाताखाली शिकाऊ माणूस असल्याशिवाय त्याची जागा रिकामी मानू नये, कारण आराखडा कागदावर राहतो, हाताची समज कागदावर राहत नाही.

तिसरा नियम हक्काचा असून तो बीडमधून मुंबई-पुण्याला जाऊन नेपथ्य, वेशभूषा, लेखन किंवा संगणकीय दृश्यांचे काम करू पाहणाऱ्या तरुणांनी विशेष ध्यानात ठेवावा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक बहुधा मालक-संस्था ठरते. परंतु कलम ५७ नुसार ते काम आपले आहे असे सांगण्याचा लेखक-कलावंताचा हक्क हस्तांतरणानंतरही शिल्लक राहतो. म्हणून सही करण्याआधी नामनिर्देश आणि पुढील उत्पन्नातला वाटा यांचा शब्द करारात लिहून घेतला पाहिजे. तोंडी आश्वासनावर विसंबणे म्हणजे उद्याच्या कपातीला आजच संमती देणे होय.

पैसा घालणारा आणि घडवणारा यांचा मेळ बीडच्या भूमीत कसा बसला होता याचा दाखला शहराजवळच्या खजाना विहिरीत आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीतील मूर्तजा निजामशहाच्या काळात जहागीरदार सलाबतखानाने ती बांधवली आणि राजा भास्कर या जाणकाराने ती रचली. जमिनीखालून पाणी आणणारे आणि शेतांकडे नेणारे तिचे मार्ग केवळ उताराच्या जोरावर चालतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी शिवार भिजवले. पैसा देणारा आणि आखणी करणारा, दोघांचीही नावे चार शतकांनंतर सांगितली जातात. दोघांनाही मान असला की काम किती टिकते याचे याहून स्पष्ट प्रमाण जिल्ह्याला दुसरीकडे शोधावे लागणार नाही.

शेवटी जबाबदारी प्रेक्षकांवर आणि त्यांच्या वतीने पैसा देणाऱ्यांवरही येते. बीड जिल्ह्यातील यात्रा समित्या आणि ग्रामपंचायती दरवर्षी सुपाऱ्या देतात, म्हणजे या व्यवसायातल्या खर्चाचा निर्णय काही अंशी त्यांच्याच हाती आहे. सुपारी ठरवताना गण-गवळणीपासून वगापर्यंतचा पूर्ण खेळ झाला पाहिजे, खेळ निर्बंधांच्या वेळेत बसावा म्हणून तो सायंकाळी लवकर सुरू व्हावा, आणि वगाच्या कलावंतांसाठी रकमेतला ठरावीक भाग राखून ठेवला जावा, अशा तीन अटी समित्यांनी घातल्या तर फडमालकाला वग टिकवणे परवडेल आणि सोंगाड्याला शिष्य घेणे परवडेल. बड्या कंपन्यांची धोरणे बीडहून बदलता येणार नाहीत. पण पुढच्या चैत्रातल्या यात्रेची सुपारी कोणत्या अटींवर द्यायची, हे मात्र प्रत्येक गावाला आपल्या बैठकीत ठरवता येते, आणि ते ठरवण्याची सुरुवात याच वर्षी झाली पाहिजे.